तोफेचा निळा पट्टा

"ही तोफ आत जाणार नाही," क्लेमंट गारसाइड म्हणाला आणि हातातलं भिंग त्याने टेबलावर जवळजवळ आपटलंच.

टेबलावर वीतभर लांबीची तोफ उभी होती. पंचवीस पौंडी गोळे फेकणाऱ्या खऱ्या तोफेची हुबेहूब छोटी प्रतिकृती, १९४१च्या लिबियातली. अंगावर शत्रूला चकवणारे तिरके पट्टे, तीन रंगांचे. एक वाळूचा, एक गडद पाटीसारखा आणि तिसरा मळकट, हिरवट करडा. सगळं भांडण त्या तिसऱ्याचं होतं.

समोर ईनिड रोबॉटम मांडीवर पर्स धरून बसली होती. वय सत्तरच्या पुढे. तोफ तिच्या नवऱ्याने, क्लिफर्डने केलेली. क्लिफर्ड फेब्रुवारीत गेला. त्याच्या पलटणीच्या संग्रहालयात एका काचेच्या कपाटात त्याच्या तोफेसाठी जागा राखून ठेवली होती, आणि सोमवारी न्यायला गाडी येणार होती. पण अशा प्रतिकृती करणाऱ्यांच्या गावातल्या मॉडेल क्लबने 'रंग इतिहासाला धरून आहेत' असा कागद दिल्याशिवाय संग्रहालय काही घेत नसे. तो कागद म्हणजे क्लेमंटची सही.

बावीस वर्षं क्लेमंट हे काम फुकट करत होता, आणि फुकट काम करणाऱ्याला जेवढा मान हवा असतो तेवढा त्याला कधीच मिळाला नव्हता. लोक वाटेल त्या रंगाच्या तोफा घेऊन यायचे आणि वर विचारायचे, एवढ्याशा फरकाने काय होतं? एवढ्याशा फरकाने! त्याचं डोकं तिथेच फिरायचं.

"तिसरा पट्टा निळा हवा," तो म्हणाला. "फिका निळा."

"क्लिफर्ड म्हणायचा, हिरवट होता."

"म्हणायचा. कशावरून?"

"त्या तोफेवरच होता ना तो. दोन वर्षं. रोज पुसायचा तिला."

क्लेमंटने डोळे मिटून घेतले. या म्हाताऱ्या सैनिकांचा त्याला सगळ्यात जास्त वैताग होता. मी तिथे होतो, मी पाहिलंय, म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. अभ्यास करणाऱ्याने मग काय करायचं? झक मारायची?

"मिसेस रोबॉटम, पन्नास वर्षांपूर्वीचे रंग कुणाला आठवत नसतात. तुमच्या लग्नात सासूबाईंच्या हॅटचा रंग कोणता होता, सांगा बघू."

"जांभळा," ईनिड म्हणाली. "भयंकर दिसत होता."

चहाच्या किटलीमागे क्लबचा सेक्रेटरी नॉर्मन एकदम खोकायला लागला.

"हसू नकोस, नॉर्मन."

"हसतोय कुठे? क्लेम, जरा दमानं घे. बाईंचा नवरा गेलाय."

"माणूस गेला म्हणून रंग बदलत नाही!"

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ते जड वाटलं. पण मागे हटायला तो तयार नव्हता. दयामाया दाखवून इतिहास लिहायचा झाला तर मग सगळ्याच तोफा गुलाबी रंगवाव्यात.

ईनिडने तोफेच्या चाकाला बोट लावलं. "शेवटचे आठ महिने त्याने हा एक रंग मिसळण्यात घालवले. हात थरथरायचे. मनासारखा जमला त्या दिवशी मला स्वयंपाकघरातून ओढत नेलं दाखवायला. म्हणाला, आता बरोबर झालं. आता जाऊ दे तिला कपाटात."

"मग तो पट्टा घासून काढा आणि निळा लावून आणा. लगेच सही करतो."

"त्याचा रंग घासून काढू?"

"चुकीचा रंग घासून काढा."

ईनिडने तोफ जरा स्वतःकडे ओढली. ते बघून तो आणखी चिडला. उठला, कपाट उघडलं आणि तोफांच्या रंगांवर आपण लिहिलेलं पुस्तक तिच्यापुढे ठेवलं. या पुस्तकावरून पार ऑस्ट्रेलियापर्यंतचे क्लब तोफा निळ्या रंगवत होते. मग त्याने पुठ्ठ्याच्या घडीतून एक फोटो काढला.

"मी हवेत बोलत नाही, बाई. त्या वर्षीचा, त्या तोफेचा जगातला एकमेव रंगीत फोटो. चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत मिळाला, तोफखान्याच्या कागदांच्या खोक्यात. कुणाला त्याची किंमत कळली नव्हती. मला कळली."

फोटोत वाळूत एकटी तोफ उभी होती. आसपास माणूस नाही, गाडी नाही. जवान सावलीला गेले असावेत, असं क्लेमंटने पुस्तकात लिहिलं होतं. कोपऱ्यात गवताचा एक झुबका होता. त्यावरून समुद्र दहा मैलांच्या आत असल्याचं त्याने चार पानं खर्चून सिद्ध केलं होतं. लीड्सच्या एका माणसाने त्यावर शंका घेतली, तेव्हापासून सहा वर्षं क्लेमंट त्या माणसाशी बोलला नव्हता.

"बघा," तो म्हणाला. "तिसरा पट्टा. हिरवट आहे?"

"नाही. निळा आहे."

"झालं तर मग."

"जरा हातात घेऊ?"

"हातमोजे घालून."

ईनिडने त्याचे पांढरे हातमोजे घातले, पर्समधून चष्मा काढला आणि फोटो खिडकीपाशी नेला. बराच वेळ बघत राहिली. नॉर्मनने तिच्यासाठी आणलेला चहा तसाच धरून ठेवला. परत येऊन तिने फोटो जपून क्लेमंटच्या पुस्तकावर ठेवला.

"हा मी काढलाय, मिस्टर गारसाइड," ती म्हणाली. "छप्पन साली, स्कारबरोच्या किनाऱ्यावर, पोटावर पडून. ही क्लिफर्डने केलेली पहिली वीतभर तोफ. हिरवट करडा रंग कुठे मिळेना, म्हणून आमच्या पीटरच्या पाळण्याचा उरलेला निळा लावला होता."