चंचीचं वाक्य

"अक्का, तू नाही म्हणालीस तर मी आल्या पावली परत जाईन," कुंजण्णा अंगणातल्या बाकावर टेकत म्हणाला.

शेषक्का सुपारी कातरत होती. तिनं मान वर केली नाही.

कुंजण्णा यक्षगानाच्या मेळातला विदूषक. त्याचा नावाड्याचा प्रवेश बघायला माणसं नदीपलीकडून यायची. नाव डुलायची आणि कुंजण्णा बोंब ठोकायचा, "बुडालो हो, बुडालो!" मग जरा दम खाऊन, "आधी माझी पानाची चंची वाचवा!" अख्खा मांडव हसून लोळायचा.

सात वर्षांपूर्वी शेषक्काचा नवरा तुक्र, गावचा खरा नावाडी, रिकामी नाव परत आणताना भर नदीत बुडाला. बाजाराचा दिवस होता, काठावर सगळं गाव होतं. पण पाण्याला ओढ फार, काही करता आलं नाही, असं सगळेच सांगतात. तेव्हापासून इथे तो प्रवेश बंद. शेषक्काचं मन दुखायला नको, असं पंचांनी ठरवलं. दुसऱ्याचं मन जपण्यात या गावाचा हात कुणी धरणार नाही.

"तोंडाला रंग लावायचं हे माझं शेवटचं वर्ष," कुंजण्णा म्हणाला. "गुडघे गेले. तो प्रवेश न करताच उतरलो तर जीव अडकून राहील बघ. पंच म्हणाले, अक्का हो म्हणाली तरच."

"तुक्र तुझी नक्कल करायचा," ती म्हणाली. "रोज. ऐन पाण्यात नाव डुलवून."

"ठाऊक आहे की. माझ्यापेक्षा झकास करायचा मेला..." त्यानं जीभ चावली. मग हळूच म्हणाला, "किती वर्षांनी हसलेलं चालतं गं, अक्का?"

"हसायचं ते केव्हाच हसून झालंय." तिनं अडकित्ता खाली ठेवला. "कर तू. पण चंचीचं वाक्य म्हणायचं नाही. बुडालो म्हणायचं आणि गप उभं राहायचं."

"मग लोक हसणार कशावर?"

"हसतील."

त्याला पटलं नाही. ज्या वाक्यावर जन्म काढला तेच गाळायचं, म्हणजे मिठाशिवाय सार वाढायचं. पण त्या बाईचं दुःख मोठं. त्यानं मान डोलावली.

दिवेलागणीला खेळ उभा राहिला. शेषक्का पुढे चटईवर, पंच मागे खुर्च्यांवर. कुंजण्णा वल्हं घेऊन आला तशी कुजबुज झाली. सगळ्यांनी आधी शेषक्काकडे पाहिलं. ती शांत बसली होती, तेव्हा लोकही सैलावले.

नाव डुलली. "बुडालो हो, बुडालो!"

मांडव खदखदला. सात वर्षं दाबून ठेवलेलं हसू होतं ते. पुढचं वाक्य ज्याच्या त्याच्या ओठांवर तयार होतं.

कुंजण्णा गप उभा राहिला.

ढोल थांबला. हसू हळूहळू ओसरलं. मागे एक पंच खुर्चीवरून उठला आणि पुन्हा बसला. कुंजण्णानं खाली पाहिलं, तर शेषक्का उठून लोकांकडे तोंड करून उभी होती.

"तोही एवढंच ओरडला होता," ती म्हणाली. "आणि आपण सगळे काठावर हसत, चंचीची वाट बघत उभे होतो."