विंगेतल्या बाई

वरच्या कार्यालयाचं पत्र आलं. निधीअभावी शाळेचा नाट्यवर्ग पुढच्या महिन्यापासून बंद. नाटकाच्या बाईंनी ते इतक्यांदा वाचलं, की शब्दन्‌शब्द तोंडपाठ झाला.

मग पालकांनीच कंबर कसली. मुलांचं नाटक लावलं, दारोदार फिरून तिकिटं खपवली आणि बाईंच्या वर्षाच्या पगाराची सोय केली. आता पत्र पाठवणाऱ्या साहेबांनी नुसतं 'हो' म्हणायचं बाकी होतं, म्हणून प्रमुख पाहुणे तेच.

प्रयोगाच्या दिवशी बाई नेहमीसारख्या वही घेऊन विंगेत उभ्या राहिल्या. रंगमंचावर कुणी अडलंय आणि बाई गप्प बसल्यात, असं बावीस वर्षांत एकदाही घडलं नव्हतं. त्या दिवशी मात्र पोरं कुठे म्हणून अडली नाहीत. म्हाताऱ्या राजाचं काम करणाऱ्या चिमुरडीने तर सगळ्यांना असं काही रडवलं, की साहेबांनीही हळूच चष्मा पुसला.

शेवटी साहेब बोलायला उठले. हातातला कागद वाचू लागले, "आपल्या सर्वांचा उत्साह कौतुकास्पद आहे. परंतु निधीअभावी हा नाट्यवर्ग..."

आणि थांबले. मागे रांगेत उभ्या असलेल्या मुलांकडे वळून बघितलं. कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.



विंगेतून बाईंनी हलक्या आवाजात पुढचे शब्द पुरवले, "...बंद करण्यात येत आहे."