बोर्डिंगात टाकीन

"वैनी, पोराच्या ट्रंकंत दगडं भरलीसा का काय?" अ‍ॅम्बॅसिडरच्या कॅरिअरवर ट्रंक चढवताना आकाराम ड्रायव्हरनं विचारलं.

"थंडी असते पाचगणीला," अनसूयाबाई म्हणाल्या.

"लाडांचं वजन आहे ते!" हरीपंत पुढच्या सीटवरून ओरडले. "बांध लवकर. इथंच दिवस घालवायचाय का?"

हरीपंत सांगलीच्या एका हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवत. लोकशाहीवर त्यांचं फार प्रेम होतं. घरात वापरून ते ती खराब करत नसत. घरात त्यांचा आवाज चाले, आणि आवाज पुरला नाही तर हात.

शौनक त्यांचा एकुलता एक, पाचवीतला. दूध सांडलं, गणित चुकलं, वर्ल्डकपच्या वेळी टीव्ही जरा मोठा झाला, की हरीपंत गरजत, "बोर्डिंगात टाकीन!" असं गरजणारे बाप सांगलीत गल्लोगल्ली होते. टाकत कुणी नसे. त्यावर बायकोनं डोळ्यांत पाणी आणून "असं काय हो बोलता" म्हणायचं, मग बापानं जरा शांत व्हायचं, अशी रीत होती. अनसूयाबाईंनी ती वर्षानुवर्षं पाळली. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत एका रविवारी, वाढता वाढता त्या म्हणाल्या, "टाका."

हरीपंतांचा घास हातातच राहिला. पण माघार घ्यायची सवय नव्हती.

"टाकतोच!" ते ओरडले, आणि अडकले.

पुढचं सगळं अनसूयाबाईंनी केलं. माहेरी जाते म्हणून निघाल्या आणि येताना पाचगणीची एक शाळा बघून आल्या. फी माफ झाली म्हणाल्या. कशी, ते हरीपंतांनी विचारलं नाही. आपल्या नावाला वजन आहे, हे ते धरूनच चालत.

शाळेचा नियम होता, प्रत्येक कपड्यावर लाल दोऱ्यानं नंबर शिवायचा. शौनकचा नंबर सत्त्याऐंशी. जूनभर दुपारी अनसूयाबाई सुई घेऊन बसलेल्या असत.

"माझ्या शर्टाचं बटण कधीचं तुटलंय, ते दिसत नाही?"

"दिसतंय," त्या म्हणत, आणि पुढचा कपडा घेत.

कराड मागं पडलं तसे डोंगर हिरवे व्हायला लागले. "बगा की सायेब," आकाराम म्हणाला, "काय हिरवंगार झालंया! लय भारी!"

"तू रस्ता बघ. डोंगर कुठं पळून जात नाहीत."

साताऱ्यात अनसूयाबाई एसटीडी बूथपाशी उतरल्या. "शाळेत कळवते, पोचतोय म्हणून."

"आपण काय मंत्री लागून गेलो? बँड लावणारेत का ते?"

त्या कळवून आल्या. वाईच्या पुढं, पसरणीचा घाट लागला तेव्हा म्हणाल्या, "तिखट-मिठाचे डबे खालच्या फळीवर ठेवलेत."

"मला कशाला सांगतेस?"

"सांगून ठेवलं."

तिसऱ्या-चौथ्या वळणाला शौनकला उलटी झाली. खिडकीपर्यंत पोचायच्या आतच. हरीपंतांनी मागं वळून त्याच्या थोबाडीत मारली. गाडी थांबली. खाली वाई, धोम, हिरवी खाचरं, सगळं ढगांखाली ओलं पसरलेलं होतं. बघायला कुणी नव्हतं. अनसूयाबाईंनी तांब्यातल्या पाण्यानं पोराचं तोंड धुतलं. मग हरीपंतांकडे बघत राहिल्या.

"काय बघतेस? वळण लागायला नको त्याला?"

"लागेल," त्या म्हणाल्या. "चला."

शाळेच्या फाटकात कोंडीबा शिपाई छत्री घेऊन आला. "कापडास्नी नंबर लावल्यात न्हवं? हितं ऱ्हानाऱ्या समद्यांस्नी लागत्यात. पोरं असूंद्यात, न्हाईतर मास्तर. धुनं एकाच ठिकानी जातंय, मागनं भांडनं नकोत."

"लावलेत. आणि पोरांकडं बघणाऱ्या बाई कुठायत?" हरीपंतांनी विचारलं.

"नव्या बाई आजच रुजू व्हायच्यात."

"म्हणजे अजून पत्ता नाही!" हरीपंतांना अखेर हक्काचं कारण मिळालं. "शाळा उघडून महिना झाला आणि ही बाई आज उगवणार! अशा बाईच्या हाती पोरगं द्यायचं? नवरा काय करतो तिचा? झोपा काढतो?"

"त्ये काय म्हाईत न्हाई बा," म्हणत कोंडीबानं ट्रंक उचलली आणि वाकला. "आयला, लय जड हाय की!"

आता शौनक रडेल, पाय धरेल, मग आपण दोन मिनिटं ताणून धरू आणि "चल, या वेळी सोडतो" म्हणून गाडीत घालू, असा हरीपंतांचा बेत होता. सांगलीपासून सगळा राग त्यांनी त्या दोन मिनिटांसाठी तापवत आणला होता.

"येतो बाबा," शौनक म्हणाला आणि कोंडीबाच्या मागं गेला. वळूनसुद्धा बघितलं नाही.

"बघितलंस? बापाची किंमत बघितलीस?" हरीपंतांनी गाडीचं दार धाडकन आपटलं. "बस आता. पाऊस वाढायच्या आत घाट उतरायचाय."

अनसूयाबाई त्यांच्या खिडकीपाशी आल्या. आधी डबा आत दिला. "पोळी-भाजी आहे. आकारामलाही द्या." मग कमरेची किल्ली काढून त्यांच्या हातात ठेवली.

"ही मला कशाला? बस म्हणतो ना!"

टेबललँडवरून वारा आला. त्यांचा पदर उडून खिडकीच्या काचेला येऊन चिकटला. कोपऱ्याला लाल दोऱ्यानं नीट शिवलेलं होतं: अठ्ठ्याऐंशी.