चंपतरावांसाठी सामान

नवरा गेला, असं कुसुमताईंनी सांगितलं तेव्हा दुकानदार शालिकराम हळहळला आणि त्यानं नोंदवही उघडली.

नवरा अर्थातच गेला नव्हता. घरी सुखरूप होता. पण खोटं मरण सांगायचं तर दुसऱ्याच्या नवऱ्याचं कशाला, म्हणून ताईंनी स्वतःच्याच नवऱ्याचं सांगितलं. टिकली ऑटोतच काढून पर्समध्ये ठेवली होती.

ताई शासनाच्या अंत्यविधी सेवा सल्लागार समितीवर होत्या. तीन गुप्त तपासण्या झाल्या आणि तिन्ही दुकानं निर्दोष निघाली, ही मोठीच पंचाईत होती. या आठवड्यात एकही दोष हाती लागला नाही तर समिती बरखास्त, असं अध्यक्षांनी बजावलं होतं. मग ओळखपत्र गेलं, दारावरची पाटी गेली, कार्यक्रमातली पुढची खुर्चीही गेली. महाल भागातल्या या दुकानात आज काहीतरी सापडणं भागच होतं.

शालिकरामनं मृताचं नाव विचारलं, पत्ता विचारला. लिहिता लिहिता त्याचा पेन थांबला. त्यानं मागचं पान पाहिलं, मग ताईंकडे पाहिलं आणि आत जाऊन कुणाशी तरी फोनवर दबक्या आवाजात बोलून आला.

टोळी आहे, ताईंनी मनात टिपलं.

तिरडी कधी मिळेल म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, बसा. दरपत्रक मागितलं, तर त्यानं पाणी आणून दिलं.

ताईंनी ओळखपत्र काढून काउंटरवर ठेवलं. "दुःखात असलेल्या बाईला सामान नाकारलं. अहवालात पहिलं नाव तुमचं. परवाना विसरा आता."

शालिकरामनं कार्ड दोनदा वाचलं. तो घाबरला नाही.

"म्हणजे साहेब जिते आहेत?"

"ठणठणीत."

"अन् कुसुमताई तुम्हीच?"

"कार्डावर दिसून नाही राहिलं का?"

त्यानं वही त्यांच्याकडे फिरवली. "मंग हे तुम्हीच वाचा, ताई. सकाळी साहेब सोता येऊन सवाष्णीचं सामान घेऊन गेले. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, कुंकू. डॉक्टरचा दाखला मागाहून आणतो म्हणे. शववाहिकेच्या गाडीवाल्याले आता फोन केला, त्यालेबी साहेबानं संध्याकाळी सहाचं सांगून ठेवलं हाये. सकाळी नवरा बायकोचं सामान नेते, दुपारी बायको नवऱ्याचं मागते. मी कोणाले देऊ?"

मृताच्या रकान्यात कुसुमताईंचं पूर्ण नाव होतं, वयासकट.

पर्समधला फोन वाजला. चंपतराव होते.

"कुठं आहेस वं? जेवाले ये लवकर. तुले आवडते म्हणून आज मी सोताच भरली वांगी केली."

पस्तीस वर्षांच्या संसारात चंपतरावांनी एकदाही गॅस पेटवला नव्हता.