पंख्याची परीक्षा

पंखा फिरत नव्हता.

इंजिन सुरू करून बारा मिनिटं झाली होती. मास्तर उघड्या बॉनेटपुढे हात मागे बांधून उभे होते. चौतीस वर्षं परीक्षेच्या हॉलमध्ये उभे राहायचे, तसेच. शेजारी त्यांचा मुलगा गाडी विकायचा फॉर्म घेऊन उभा होता. फॉर्म अगदी व्यवस्थित भरलेला. फक्त मास्तरांची सही बाकी होती.

गाडी सव्वीस वर्षांची. वर्षभरात ती चार वेळा रस्त्यात उकळली आणि चारही वेळा मुलाला ऑफिस सोडून तिला ओढून आणावं लागलं. शेवटच्या खेपेला तर रेडिएटरच फुटला. म्हणून आजची अट सरळ होती. तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकायच्या आत पंखा आपोआप लागला तर गाडी राहील. नाहीतर सही.

काट्यावर लक्ष ठेवायला मास्तरांच्या पत्नी, म्हणजे सगळ्यांच्या बाई, गाडीत डावीकडे बसल्या होत्या. हे काम त्यांना नवं नव्हतं. पंख्याचा जुना सेन्सर तीन वर्षांपूर्वी मेला, तेव्हा मिस्त्रीने वायर पुरली तिथे, म्हणजे डॅशबोर्डखाली बाईंच्या बाजूला, एक बटण बसवून दिलं होतं. तेव्हापासून काटा चढला की बाई बटण दाबून पंखा लावायच्या. "चार चाकं, एक इंजिन आणि एक बायको, एवढं असलं की ही गाडी झकास चालते," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, आणि लगेच, "विकून टाका हो हे धूड." गाडी चारदा उकळली तेव्हा चारही वेळा बाई सोबत नव्हत्या. या योगायोगाकडे विज्ञानाच्या मास्तरांचं लक्ष गेलं नव्हतं.

आता मात्र सगळं नवं होतं. रेडिएटर मिस्त्रीने बसवला. सेन्सर मास्तरांनी स्वतः बसवला, कारण जन्मभर 'उष्णता' हा धडा शिकवलेल्या माणसाने तेवढ्यासाठी पाना दुसऱ्याच्या हातात देणं बरं दिसलं नसतं. मिस्त्री समजूतदार होता. "मास्तर, आधी चालवून बघा. मग जुनं बटण काढू," एवढं बोलून तो निघून गेला.

"बाबा, हा सेन्सर नक्की करतो तरी काय?" मुलाने विचारलं.

मास्तरांना कोणी प्रश्न विचारून बरेच महिने झाले होते. ते खुलले. "पाणी ठरावीक तापलं की हा आतून जोडला जातो आणि पंख्याला वीज मिळते. वर्गाचा मॉनिटर समज. गोंधळ वाढला की न सांगता उठून उभा राहतो."

"मॉनिटर आज गैरहजर दिसतोय," खिडकीतून आवाज आला. "काटा अर्ध्याच्या वर गेलाय. तुम्ही बोलत राहा, तेवढाच वारा लागेल तिला."

मुलाने खिशातून पेन काढलं.

रोज सकाळी नऊला मास्तर गाडीखाली शिरत आणि जेवायच्या हाकेला बाहेर येत. कधी ब्रेक, कधी कार्बोरेटर. काहीच बिघडलं नसेल तर ते का बिघडलं नाही हे बघायला. गाडी गेली तर उद्या नऊ वाजता करायचं काय?

"लाल पट्टीच्या तोंडाशी आलाय," बाई म्हणाल्या. "अरे, पेन उठतंय ना तुझं? मागच्या खेपेला उठत नव्हतं."

मुलाने फॉर्म बॉनेटच्या कडेला टेकवला. मास्तरांनी पेन हातात घेतलं.

आणि घर्रकन पंखा फिरायला लागला.

मुलगा वाकून बघतच राहिला. "आपोआप?"

"आपोआप," मास्तर म्हणाले. पुढची दहा मिनिटं त्यांनी उष्णतेचं वहन या विषयावर जे सांगितलं, ते मुलाने सातवीतही ऐकलं होतं. काटा खाली आला, पंखा थांबला. मुलाने फॉर्मची घडी करून खिशात घातली आणि आईला, "जिंकले बाबा," असं सांगून तो घरी गेला.

मास्तरांनी इंजिन बंद केलं. मग बॉनेट लावण्याआधी आपलं काम एकदा डोळे भरून पाहावं म्हणून ते वाकले. नवा सेन्सर रेडिएटरच्या कडेला चकाकत होता. त्याला जोडायच्या वायरचं टोक वीतभर लांब लोंबकळत होतं. टोकावर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीला रबरबँड, रबरबँडमध्ये 'सेन्सर' असं सुवाच्य अक्षरात लिहिलेली चिठ्ठी. रेडिएटरमध्ये पाणी भरताना टोकावर थेंब उडू नये म्हणून सकाळी त्यांनीच ते इतक्या काळजीने बांधून ठेवलं होतं. नंतर सोडायचं राहिलं.

म्हणजे सेन्सरपर्यंत वायर पोचलीच नव्हती.

मास्तर हळूहळू डाव्या खिडकीशी आले.

"बटण तू दाबलंस."

"मग काय, मॉनिटरची वाट बघत बसू?"

"अगं, पण तीन वर्षं तूच माझ्यामागे लागली आहेस ना, विका विका म्हणून?"

"ते मी उद्याही म्हणणार आहे," दार उघडून उतरता उतरता बाई म्हणाल्या. "पण ही खरंच गेली असती, तर उद्या नऊ वाजता तुम्ही माझं स्वयंपाकघर खोलून बसला असता."