ढिगावरचा कोट

कोट विकला गेला होता.

रोवेलिनचं डोकं त्या वेळी एका हिरव्या स्वेटरच्या गळ्यात अडकलेलं होतं. अंगातला राखाडी कोट तिने क्षणभर ढिगावर टेकवला होता. क्षणभरच. डोकं बाहेर निघालं, स्वेटर काही बसला नाही, हात कोटाकडे गेला. हाताला कुणाची तरी फुलाफुलांची विजार लागली.

"मनांग, माझा कोट?"

सिओनी, सगळ्यांची मनांग म्हणजे थोरली ताई आणि जुन्या कपड्यांच्या त्या दुकानाची मालकीण, कमरेच्या पिशवीत पैसे सारत होती. "राखाडी? गेला की."

"गेला म्हणजे?"

"विकला. ढिगावर होता." मग तिचा चेहरा पडला. "अगं बाई! तू घालून आली होतीस होय?"

"मनांग, आत्ता माझी मुलाखत आहे!"

"मग ढिगावर कशाला ठेवलास, शहाणे? अंगावरचं ते तुझं, ढिगावरचं ते माझं. बागिओ शहरातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल." पण तिलाही वाईट वाटलं असावं. "केस वर बांधलेली पोरगी होती. घासाघीस केली नाही. फार घाईत असणार."

(मागचं थोडं. थोडंच, कारण रोवेलिन आता चढावरून पळते आहे.

जाहिरात होती हॉटेलातल्या स्वागतकक्षाची. टापटीप आणि प्रसन्न व्यक्तिमत्त्व हवं, असं लिहिलेलं. प्रसन्न ती होतीच. टापटीप गोळा करावी लागली. काकूच्या गाळ्यावर कोबीची पानं सोलायची आणि संध्याकाळी ढिगात हात घालायचा. कपड्यांचा नवा गठ्ठा फुटतो त्या दिवशी नाही, त्या दिवशी भाव चढलेले असतात. चार लोकांनी उपसून झाल्यावर. डोळे मिटून कापड चोळायचं. आधी अस्तर पाहायचं, मग शिवण, मग काखा. घरी आणून व्हिनेगरच्या पाण्यात बुडवायचं, म्हणजे आधीच्या मालकिणीचा वास जातो, आणि ती वारली असली तर तीही जाते. स्कर्ट असा मिळाला. बूट असे मिळाले, पुढे कापूस कोंबून. रेशमी ब्लाऊज मिळाला, पाठीवर इस्त्रीचा तळहाताएवढा डाग असलेला. म्हणून कोट. तो कोट नव्हताच. झाकण होतं.)

पळता पळता तिने ठरवलं, पाठ दाखवायची नाही. आत जायचं, हसायचं, बाहेर पडताना उलट्या पावली यायचं. खेकड्यासारखं. नोकरी नाही मिळाली तर? तर कोबी.

हॉटेलच्या बाहेरच्या खोलीत दोनच खुर्च्या होत्या. एक रिकामी. दुसरीवर कोट बसला होता.

कोटाच्या आत केस वर बांधलेली एक मुलगी होती.

"हा कोट माझा आहे," रोवेलिन कुजबुजली.

"होता," मुलगी म्हणाली. "मी रोख पैसे दिलेत."

"मीही दिले होते! ढिगावर नुसता टेकवला होता मी."

"ढिगावर?" मुलीने तिच्याकडे वेड्याकडे बघावं तसं पाहिलं. "ढिगावर कुणी ठेवतं का?"

"कळलं! आता दे."

मुलगी हलली नाही. मग तिने दरवाज्याकडे एकदा पाहून कोटाची कड जराशी उघडली. आत शाळेच्या गणवेशाचा सदरा होता. खिशावरचं शाळेचं चिन्ह उसवून काढलेलं, पण त्याचा गोल जसाच्या तसा दिसत होता.

रोवेलिन वळली आणि तिने मुलीला आपली पाठ दाखवली.

"आई गं," मुलगी म्हणाली. "ग्लेझा. माझं नाव."

"रोवेलिन."

"आधी माझा नंबर आहे. बाहेर आले की तुला देते."

"आणि नाही दिलास तर?"

उत्तर द्यायच्या आत ग्लेझाला बोलावणं आलं. दार लागलं. बराच वेळ लागलेलंच राहिलं. आतून एकदा हसण्याचा आवाज आला, आणि रोवेलिनच्या मनात आलं, झालं, घेतलं हिला. आता ही माझ्या कोटासकट निघून जाणार.

दार उघडलं. ग्लेझा चालता चालताच एक बाही काढत होती.

कोट अजून गरम होता.

आत टेबलामागे मॅनेजरबाई बसल्या होत्या. गडद निळा सूट, खांद्यावर एक चुणी नाही, गळ्याशी मोत्यासारखी गुंडी. इथल्या कुठल्या शिंप्याच्या हातचं काम नव्हे ते. रोवेलिनने आपले कापसाचे बूट खुर्चीखाली ओढून घेतले. बाईंनी इंग्रजीत विचारलं, हिशेबाचं विचारलं, पाहुणा भांडायला लागला तर काय करशील ते विचारलं. "कोबीच्या गाळ्यावर रोज भांडतात, मॅम," ती म्हणाली. बाई हसल्या नाहीत. त्या कोटाकडे बघत होत्या.

"छान आहे कोट. कुठून घेतलास?"

"मावशीने पाठवला, मॅम. ओसाकाला असते."

"असं?" बाईंनी पेन खाली ठेवलं. "आत्ता गेली तिलाही मावशीनेच पाठवलाय. तिची दुबईला असते."



"मनांग सिओनीच्या ढिगातला आहे, मॅम." रोवेलिनचा आवाज पार खाली गेला. "दोघींचा तोच. तिच्याकडे ब्लाऊज नाही आणि माझा जळलाय. ती खोटारडी नाहीये, मॅम. मला परत आणून दिला तिने."

एवढं बोलल्यावर तिला एकदम हलकं वाटलं. कोबी तर कोबी.

बाई उठल्या. जाऊन दार घट्ट लावून आल्या. येताना त्यांनी आपल्या सुटाच्या बाहीवरून हात फिरवला, सवयीने, आधी अस्तरावरून, मग शिवणीवरून.

"सोमवारी दोघी या. गणवेश हॉटेलचा मिळेल." मग त्या खुर्चीत टेकल्या आणि आवाज बारीक करून म्हणाल्या, "आणि मावशीचं गाव आधी आपसात ठरवून घेत जा, गं. माझी टोरांटोला असते. वीस वर्षं झाली, कपडे पाठवतेच आहे बिचारी."