तेच वजन

काडतुसाच्या बुडाला मधोमध एक छोटी टोपी असते. बार उडाल्यावरही तिची कड गोलसर राहते आणि टोपी व पितळ यांच्यामध्ये केसाएवढी खाच दिसते. नोरीनच्या तळहातावरच्या रिकाम्या काडतुसाला ती खाच नव्हती. टोपी चेपून सपाट झाली होती, कडेपर्यंत पसरली होती. शेजारी पितळावर एक चकचकीत ओरखडा उठला होता.

हे काडतूस बंदुकीतून बाहेर काढायला तिला मागच्या खिट्टीवर, बोल्टवर, तळहाताने ठोसे मारावे लागले होते.

“कुठे लागली?” व्हर्लनी विचारलं. तिचे वडील ट्रकच्या मागच्या फळीवर बसले होते. दुर्बीण गळ्यात होती, पण त्यांनी ती डोळ्यांना लावली नव्हती.

“मधोमध.” ते खरं होतं.

“लागणारच. बापाने घरी स्वतःच्या हाताने भरलंय.”

लेमहाय खोऱ्यात उद्यापासून एल्क हरणांची शिकार सुरू होत होती. दरवर्षी आदल्या दिवशी नोरीन या बंद पडलेल्या खडीच्या खाणीत एकटी येई, नेम तपासून घेई आणि घरी जाई. यंदा वडील म्हणाले होते, मीही येतो.

“बाबा, यात दारू कुठली घातलीत?”

“ती नवीनच. आपली मिळते कुठे आता? दुकानात नुसत्या फळ्या. ही तिची चुलत बहीण आहे. रंग तोच, दाणाही तोच.”

“आणि दारूचं वजन?”

“तेच. तुझी आई होती तेव्हापासून तराजूचा काटा त्याच खाचेत आहे. हलवायचा कशाला?”

नोरीनने काडतूस त्यांच्या हातात दिलं. “टोपी बघा.”

व्हर्लनी बुडावरून अंगठा फिरवला. “गुळगुळीत आहे की. छान बसलीय.”

“सपाट झालीय, बाबा. आत दाब फार होतोय, अशाने बंदूक फुटायची.”

“हल्लीच्या टोप्याच पातळ. सगळाच माल तसला.”

तेवढ्यात खाणीच्या उतारावरून दुसरा ट्रक खाली आला. शेजारच्या कुरणातला ऑरिन. त्याची बायको गरोदर होती, मांसाचा फ्रीझर ऑगस्टमध्येच रिकामा झाला होता, आणि ही गोष्ट तो भेटेल त्याला सांगत असे.

“काय व्हर्लकाका, पोरीवर नजर ठेवायला आलात का?”

“तुझ्यावर. मागच्या वर्षी कुंपणाचा खांब मारलास म्हणे.”

“खांब नव्हता तो. बारीक एल्क होता.” ऑरिन हसला, मग डोकं खाजवू लागला. “माझी काडतुसं संपत आलीत. सॅमनपासून मिसूलापर्यंतच्या गावांतली दुकानं फिरलो. एक डबी नाही कुठे.”

व्हर्लनी कोटाच्या खिशातून डबी काढली. “हात पुढे कर. तुझी बंदूक आमच्याच मापाची.”

ऑरिनने हात पुढे केला नाही. “रागावू नका काका. पण आमचा म्हातारा म्हणायचा, दुसऱ्याचा दात घासायचा ब्रश आणि दुसऱ्याने भरलेलं काडतूस, दोन्ही तोंडाजवळ नेऊ नये.”

“माझी पोर नेतेय ना. दोन वर्षांत दोन एल्क, दोन्ही एकेका बारात. दात शाबूत आहेत का बघ तिचे.”

ऑरिनने नोरीनकडे पाहिलं. “याच काडतुसांनी पाडलेस ते?”

नोरीन खाली बघून बंदुकीचा बोल्ट पुसू लागली.

“मग प्रश्नच मिटला,” ऑरिन म्हणाला आणि त्याने ओंजळ पुढे केली. व्हर्लनी डबी उलटी केली. ऑरिनने काडतुसं कोटाच्या खिशात घातली, वरून खिसा थोपटला. “बाळाचं नाव तुमच्यावरून ठेवतो, काका.”

तो ट्रककडे वळला.

“ऑरिन,” नोरीन म्हणाली. “परत दे ती.”

“का गं?”

“ते दोन्ही एल्क दुकानातल्या काडतुसांनी पडले. बाबांनी दोन्ही वर्षं ही दारू घालून मला दिलेली काडतुसं माझ्या कपाटात पडून आहेत. मी एकही उडवलं नव्हतं. आज पहिलं उडवलं.”

तिने वडिलांच्या हातातलं रिकामं काडतूस घेतलं आणि ट्रकच्या फळीवर बूड वर करून ठेवलं. ऑरिन वाकला. बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने खिशातली काडतुसं एकेक करून फळीवर मांडली, आवाज होणार नाही अशी.

“गुरांना गवत टाकायचंय,” तो कुणाकडेही न बघता म्हणाला.

त्याचा ट्रक वर चढून दिसेनासा झाला.

“दोन्ही?” व्हर्लनी विचारलं.

“दोन्ही.”

“मी सगळ्या गावाला सांगत फिरलो. चर्चच्या जेवणात उभा राहून सांगितलं. तू शेजारी बसून बटाटे वाढत होतीस.”

“हो.”

व्हर्लनी मांडलेल्या काडतुसांपैकी एक उचललं, डोळ्यांपाशी नेलं, मग हात लांब करून पाहिलं. परत ठेवताना ते आडवं पडलं. दुसऱ्यांदाही पडलं. मग त्यांनी ते तसंच राहू दिलं.

“बरं,” ते म्हणाले. “हिवाळा आहे अख्खा. चष्मा बदलून घेतो. दारूच्या कमीत कमी वजनापासून नव्याने सुरुवात करतो, नीट मापांचं पुस्तक बघून. पुढच्या वर्षी तुला—”

“नाही, बाबा,” नोरीन म्हणाली. “आता तुम्ही भरायचं नाही.”